पंचवीस मिनिटांचा किनारा

आमच्या भावोजींना सगळे मिनिटराव म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणी सांगू शकत नाही, म्हणजे बहुधा मीच पाडलं असणार. आमच्या घरात नावं पाडण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मी कापडाच्या दुकानात विक्रेता. गिऱ्हाईक एकदा हसलं की त्याचा हात आपोआप दुसऱ्या ठाणाकडे जातो, हे मी विसाव्या वर्षी शिकलो आणि त्या एका शिदोरीवर आयुष्य काढलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई माझ्याबद्दल म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

मागच्या महिन्यात भावोजी गेले. दुपारी जेवले, खिडकीपाशी खुर्चीत बसले आणि चहाच्या वेळेला ताईने हाक मारली तेव्हा उठले नाहीत. अडुसष्ट वर्षांचे होते. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, माणूस सरळ होता, नाकासमोर चालणारा. मीही मान डोलावत होतो. पण आतून मला एक गोष्ट खात होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी समुद्रावर सहलीला गेलो असताना भावोजींनी माझ्या बहिणीवर एक खोटा ठपका ठेवला होता. तो तिने आयुष्यभर वागवला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यापाशी ते कबूल केलं आणि म्हणाले, तिला मी स्वतः सांगणार. ते सांगायचं राहून गेलं, असा माझा समज होता. म्हणजे आता ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होतो.

सगळं नीट कळायचं तर आधी भावोजींचं काम कळलं पाहिजे.

किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायची एक लांबलचक पायवाट आहे. एका वाळूवरून निघायचं, कातळ चढायचे, झुडपांतून जायचं, पुन्हा पुढच्या वाळूत उतरायचं, अशी साठेक किलोमीटर. त्या वाटेची देखभाल करणारं एक छोटं कार्यालय होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत साहेबांचं टेबल आणि भिंतीवर नकाशा. मागच्या खोलीत फळ्या, रंगाचे डबे, टर्पेंटाइनचा वास आणि भावोजी. वाटेला जिथे फाटा फुटतो किंवा नवा किनारा लागतो तिथे एक हिरवा फलक. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, पुढचा किनारा चाळीस मिनिटे, पिण्याचे पाणी दहा मिनिटे. असे सत्त्याऐंशी फलक, सगळे भावोजींच्या हातचे. खडू लावलेली दोरी ताणून ते फळीवर दोन रेघा उमटवायचे, श्वास रोखून अक्षर काढायचे आणि मगच श्वास सोडायचे. त्यांचा पाचाचा आकडा इतका देखणा यायचा की साहेबांनी घराच्या दारावरचा क्रमांकही त्यांच्याकडून रंगवून घेतला होता.

आकडा मात्र हवेतून काढायचा नसतो. फलकावरची मिनिटं आधी चालून मोजावी लागतात. फलक पहिल्यांदा लिहिले तेव्हा भावोजी सव्वीस वर्षांचे, बारीक, टणक. सकाळच्या गार वाऱ्यात, पाठीवर ओझं नाही, हातात स्टॉपवॉच, असे ते वाट कापत जायचे आणि पुढच्या वाळूला पाय लागला की बटण दाबायचे. ही सवय अंगात इतकी मुरली की माणूसच मिनिटांत बोलायला लागला. ताईच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. वडिलांनी निरोप पाठवला होता, थांब्यापासून घर पाच मिनिटांवर आहे. भावोजी दारात उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, "अकरा लागली." वडील आधी चांगलेच भडकले. भावोजी निघून गेल्यावर मात्र आईला म्हणाले, मुलगा तिरपागडा आहे, पण खोटं बोलणार नाही. एवढ्यावर लग्न ठरलं.

ताई नेमकी उलट. वेळ विचारली तर खिडकीबाहेर बघून 'दुपार झाली' इतकंच सांगणार. ती एका शाळेच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं डकवायची, त्यांना पुठ्ठे चढवायची. बारीक कामाचा तिला नाद. रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली तरी उकिडवी बसणार आणि त्या कुठे चालल्यात याचा छडा लागल्याशिवाय उठणार नाही. लहानपणी तिच्याबरोबर शाळेत जायचं म्हणजे मला शिक्षा वाटायची.

भावोजींचं कार्यालय किनाऱ्यावर आणि घर शहरात. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. लोकांना वाटायचं, हिची चैन आहे, नवऱ्यामुळे बारा महिने समुद्र. प्रत्यक्षात लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ताईने ती पायवाट पाहिली नव्हती. सुट्टीत भावोजींना समुद्राचं नाव नको असायचं. शेवटी अकराव्या वर्षी ती हट्टाला पेटली. मला तुमचे फलक बघायचेत, असं ती त्यांना म्हणाली. यावर नवरा काय बोलणार? मनातून ते खूशच झाले असणार. चार दिवसांची सहल ठरली. ते दोघं, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि शेपटासारखा मी. माझं लग्न व्हायचं होतं आणि फुकटची हवा मिळत असेल तर मी कुठेही जायला तयार असायचो.

वाळूपासून हाकेच्या अंतरावर एका बाईंच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. बाई कडक होत्या. पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून दाराबाहेर बादली ठेवलेली. तरी संध्याकाळी न्हाणीच्या जाळीवर वाळूचा थर साचायचाच, आणि तो कुणाच्या पायाचा यावर आम्ही चौघं भांडायचो. कठड्यावर ओले टॉवेल, गाद्यांना दमट वास, आणि भाची सकाळी सहाला उठून सगळ्यांना उठवणार. पहिले दोन दिवस इतके मजेत गेले की आज ते आठवले तरी छातीत दुखतं.

दोन दिवसांत आम्ही सहा किनारे चालून पाहिले. प्रत्येक फलकापाशी भावोजी थांबायचे, खिशातला फडका काढून त्यावरचा खार पुसायचे आणि दोन पावलं मागे जाऊन बघायचे. ताई त्यांच्या शेजारी उभी राहून म्हणायची, "छान काढलंय हो." ते लाजायचे. पण पुढची चाल सुरू झाली की दोघांचं जमायचं नाही. ओहोटीला कातळांत पाण्याची डबकी राहतात, आणि ताईला त्या डबक्यांचं वेड लागलं. एकेका डबक्यापाशी उकिडवी बसायची. नखाएवढे मासे, दुसऱ्याच्या शंखात घर केलेला खेकडा, बोट लावलं की मिटून घेणारं फुलासारखं काहीतरी. काही हललं की ती मुलीला हाक मारायची, आणि काही हललं नाही तर हलेपर्यंत बसायची. भावोजी पुढे जाऊन घड्याळ बघत उभे. चाळीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. मी तिचं नाव गोगलगाय ठेवलं. ती हसून म्हणाली, "गोगलगाय आणि पोटात पाय असतात बरं, जपून राहा." सगळे हसले. तोवर ते नाव निरुपद्रवी होतं.

तिसऱ्या दिवशी नाकाला वळसा घालून जायचं होतं. नाक म्हणजे डोंगराचा समुद्रात घुसलेला शेंडा. त्याच्या पायथ्याशी कातळाचा एक रुंद पट्टा आहे, तो ओहोटीतच उघडा पडतो. भरतीला वरून पायऱ्यांच्या वाटेने जायचं. पलीकडचा किनारा सगळ्यात सुंदर, असं भावोजी दोन दिवस सांगत होते. वाटेच्या तोंडाशी त्यांचा फलक होता: पलीकडचा किनारा, २५ मिनिटे, फक्त ओहोटीत. खोलीवाल्या बाईंनी निघताना बजावलं होतं की आज पाणी लवकर फिरेल, फार तर पाऊण तास आहे तुमच्या हातात.

ताईने फलक वाचला आणि समोरचा कातळ पाहिला. ओलसर, शेवाळलेला, जागोजागी चिरा पडलेला. ती म्हणाली, "वरून जाऊ या का? मला काही हे पंचवीस मिनिटांचं दिसत नाही."

भावोजी दुखावले. त्यांच्याच फलकासमोर उभं राहून कुणी असं म्हणणं त्यांना नवीन होतं. "फलक मी लिहिलाय," ते म्हणाले. "तू फक्त डबक्यांपाशी थांबू नकोस."

"नाही थांबणार," ती म्हणाली. आणि ती थांबली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण मी बघत होतो. भावोजी मुलीचा हात धरून पुढे, त्यांच्यामागे मी, आणि ताई सगळ्यांत शेवटी. मी दर थोड्या वेळाने मागे वळून पाहायचो. ती खाली मान घालून, एकेक पाऊल जपून टाकत, न थांबता चालत होती. डाव्या-उजव्या हाताला डबकी होती, आदल्या दोन दिवसांपेक्षा मोठी आणि भरलेली. एकीकडेही तिने मान वळवली नाही. एकदा मी मोठ्याने ओरडलो, ए गोगलगाय, पाय उचल. तिने मान वर न करता हात हलवला.

पंचवीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही नाकाच्या टोकाशीही पोचलो नव्हतो. भावोजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली. ते मी पाहिलं. नंतर ते एकदम भराभर चालायला लागले. मुलीला त्यांनी खांद्यावर घेतलं. पाणी मुकाट्याने वर येत होतं, आधी चिरांमधून, मग पट्ट्याच्या कडेवरून. शेवटची एक घळ ओलांडली की वाळू होती. आम्ही तिघं ती गुडघाभर पाण्यातून ओलांडून गेलो. ताई तिथे पोचली तेव्हा पाणी कमरेला आलं होतं. ती मध्यावर असताना लाट आली, तिचा पाय दोन दगडांच्या मध्ये अडकला आणि अंग वाहून जायला लागलं. भावोजी मुलीला वाळूवर टाकून उडी मारून गेले, मीही गेलो. आम्ही तिला ओढून काढली. गुडघ्यातून काडकन आवाज आला होता, तो मला अजून ऐकू येतो.

वाळूवर सात-आठ माणसं जमली. एक म्हातारे गृहस्थ, थंड पेयं विकणारा माणूस, दोन-तीन सहलीला आलेली कुटुंबं. कुणीतरी ताईला टॉवेल दिला. म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ओहोटी संपत आली असताना तुम्ही लोक त्या वाटेने आलातच कसे. फलक वाचला नाही का?

भावोजींनी मागे कातळाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग ते म्हणाले, "वाट पंचवीस मिनिटांचीच आहे. ही डबक्यांपाशी रेंगाळली."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ती कपड्यांचं पाणी पिळत होती. तिचे हात थांबले. तिने भावोजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं, ती थांबली नव्हती, एवढंच. पण समोर सात-आठ माणसं, सगळ्यांचे चेहरे ताणलेले, आणि माझ्या जिभेला अशा वेळी एकच गोष्ट येते. मी म्हणालो, "आमची ताई म्हणजे गोगलगाय. तिला बोलवायला शेवटी भरतीला यावं लागलं."

लोक हसले. पेयवाला सगळ्यांत मोठ्याने हसला. भाची भेदरलेली होती, मामा हसतोय म्हटल्यावर तीही हसली. भावोजींना सुटल्यासारखं झालं, ते मला स्पष्ट दिसलं. ताई पुन्हा पाणी पिळायला लागली.

सहा आठवडे तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही. म्हणजे तिला उकिडवं बसता येईना, आणि उकिडवं बसण्यातच तिचा सगळा आनंद होता. हे मला कळायला किती वर्षं लागली ते विचारू नका.

त्यानंतर समुद्राची सहल हा घरचा रिवाज झाला. भाचीला चटक लागली होती. माझं लग्न झालं, मुलं झाली, तीही यायला लागली. दर वर्षी चार दिवस. ताई मात्र आली नाही. पहिल्या वर्षी आम्ही आग्रह केला, दुसऱ्या वर्षी विचारलं, तिसऱ्या वर्षापासून तेही सोडलं. ती आमच्या पिशव्या भरून द्यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "तुम्ही जा. मी आले तर भरती येते." माझाच विनोद, थोडा बदलून. आम्ही हसत हसत बाहेर पडायचो. भाचीच्या मैत्रिणींपर्यंत तो किस्सा पोचला होता. कुणाला उशीर झाला की आमच्याकडे म्हणायचे, काय, डबक्यापाशी रेंगाळलास का? परत आलो की ती एकच प्रश्न विचारायची, यंदा डबक्यांत काय काय होतं. भाचीने एकदा उत्तर दिलं, पाणी. आमच्यापैकी कुणीच कधी वाकून बघितलेलं नसायचं.

भावोजींमध्ये एक फरक पडला होता, तो माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आला. त्या सहलीनंतर ते घरात मिनिटं बोलेनासे झाले. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणायचे, लागेल थोडा. मला वाटलं, वयाने मऊ झाले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. दर तीन वर्षांनी ते सत्त्याऐंशी फलकांवरून ब्रश फिरवायचे, त्याच अक्षरांवरून, त्याच आकड्यांवरून. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यानंतर कार्यालयातले लोक त्यांचीच अक्षरं गिरवत राहिले.

दोन वर्षांपूर्वी ते भाचीच्या कुटुंबाबरोबर समुद्रावर गेले होते. आल्यावर दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात आले. दुकानात ते कधी यायचे नाहीत. मी त्यांना मागे, ठाणं ठेवतो त्या खोलीत बसवलं. स्टुलावर बसून ते बराच वेळ कापडाच्या कडा चिमटीत धरून बघत राहिले.

मग म्हणाले, "मेहुणे, नाकाला वळसा घालून आलो. एकटाच गेलो होतो, ओहोटी लागल्या लागल्या. चोपन्न मिनिटं लागली."

मी म्हटलं, सहासष्ट वर्षांच्या माणसाला तेवढी लागणारच, त्यात काय.

"तेच तर," ते म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. कार्यालयाचा नियम असा होता की प्रत्येक वाट दोघांनी चालायची, एक तरुण आणि एक पंचावन्नच्या पुढचा, आणि दोघांत जो आकडा मोठा तोच फलकावर लिहायचा. तरुण म्हणजे भावोजी. वयस्क म्हणजे कोठाराचे जुने कारकून, ज्यांची पाठ धरलेली असायची. ते म्हणायचे, तू चाललास म्हणजे मी चाललो, आण इकडे सही करतो. मग भावोजींनी वहीत आपल्या आकड्याच्या शेजारी, दुसऱ्या रकान्यात, त्यात दोन मिळवून आकडा टाकला. नाकाच्या वाटेला त्यांना तेवीस लागली होती, म्हणून पंचवीस. सत्त्याऐंशी फलक सगळे असेच. त्या वाटेवर कोणताही म्हातारा माणूस, कोणतीही सावकाश चालणारी बाई कधी मोजलीच गेली नव्हती.

"साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेली असती," ते म्हणाले. "वाळूवर त्या म्हाताऱ्याने विचारलं तेव्हा तेच डोक्यात आलं. आणि एकदा तोंडातून गेल्यावर मागे कसं घेणार?" मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही मागे बघत होतात. ती थांबली होती का हो?"

मी म्हणालो, "एकदाही नाही."

सव्वीस वर्षांनी मी ते वाक्य बोललो, तेही कापडाच्या ठाणांमध्ये, चुकीच्या माणसापाशी. भावोजी रडले. मला एकच धास्ती होती, की आता ते विचारतील, मग तुम्ही गप्प का बसलात. ते त्यांनी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं. चूक त्यांची ठरली होती. मी फक्त साक्षीदार.

त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं की सगळी मिनिटं पुन्हा मोजा. नव्या साहेबांनी नम्रपणे उत्तर दिलं की फलक तसेही काढायचेच आहेत, आजकाल वेळ फोनवर कळते. ताईला मी स्वतः सांगणार, असं भावोजी म्हणाले होते. पुढचे काही महिने भेटले की मी खुणेने विचारायचो, सांगितलं का? ते मान हलवायचे, बघू. नंतर मी विचारणं सोडलं. दुसऱ्याला उपदेश करायला मी नेहमी पुढे असतो, पण इथे फार रेटायची माझी हिंमत नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

असे भावोजी गेले, आणि महिनाभर मूग गिळून बसल्यावर मागच्या रविवारी सकाळी मी ताईकडे गेलो. वाटेत बोलायचं सगळं घोकलं होतं. ती टेबलाशी बसून कुणाच्यातरी शब्दकोशाला नवा पुठ्ठा चिकटवत होती. आखडलेला पाय समोरच्या स्टुलावर. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसलो नाही, पलंगाच्या कडेवर बसलो. आणि जे घोकलं होतं ते सांगून टाकलं. वही, दोन रकाने, कारकुनाची सही, चोपन्न मिनिटं. त्यांना तुला सांगायचं होतं ताई, पण त्यांचं धाडस झालं नाही, त्यांना माफ कर. असं मोठ्या मनाने मी त्यांच्या वतीने बोललो.

ताईने ब्रश डिंकाच्या वाटीत ठेवला.

"त्यांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "वर्ष होऊन गेलं."

मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. एका सकाळी भावोजींनी तिच्यासमोर बसून वहीपासून सुरुवात केली आणि काहीही लपवलं नाही. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला तिकडे घेऊन चला. दोघंच गेले, कुणाला न सांगता. भाचीला सांगितलं की डॉक्टरांकडे जातोय. पलीकडच्या किनाऱ्याला गाडी वाळूपर्यंत जाते, तिथून दहा पावलांवर कातळात एक मोठं डबकं आहे. भावोजींनी घरातून घडीची खुर्ची नेली होती, कारण तिला उकिडवं बसता येत नाही. ती तिथे दोन तास बसली. भावोजींनीही शेजारी बसून बघायचा प्रयत्न केला. हे काय, ते काय, असं अर्धा तास विचारत होते, मग उन्हात झोप लागली. "त्यांना काही ते जमलं नाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा थोडी हसली. परतताना वाटेच्या अलीकडच्या तोंडाशी गाडी थांबवून त्यांनी फलकावरच्या पंचवीसमधल्या दोनाचा पाच केला. रंगाचा डबा तिने धरला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंद झाला होता, आणि राग आला होता, आणि राग कशाचा ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत? मी आलो असतो. मी नेलं असतं तुम्हाला."

"तू हसवलं असतंस," ती म्हणाली.

तिने पुठ्ठ्यावर एक जाड पुस्तक ठेवून तळहाताने दाब दिला. मान वर न करता ती बोलत होती.

"ते फलकासाठी खोटं बोलले, रे. नोकरीसाठी, पोरीसाठी. ते मी त्याच दिवशी ओळखलं होतं. मी एकाही डबक्यापाशी थांबले नव्हते, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्यांचा राग आला, पण तो राग समजण्यासारखा होता. मला न समजलेली गोष्ट निराळी आहे. तू मागे वळून बघत होतास. सारखा बघत होतास. तुला काय वाचवायचं होतं?"

वाटेत जे घोकलं होतं त्यात याचं उत्तर नव्हतं. जिभेवर नेहमीसारखं काहीतरी आलं होतं, ते मी गिळलं. नोकरी जाणार नव्हती, बायको-पोर नव्हती, साहेब नव्हते. मी पुष्कळ शोधलं. सापडलं ते एवढंच.

"लोक हसले," मी म्हणालो. "मी बोललो की लोक हसायचे, म्हणून."

ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वाळूवर पाहिलं होतं तसंच, पण आता ती बोलली.

"एवढ्यासाठी?"